पुढचा पाय

आसावरीने वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला हात उंचावला. तिचा टी-शर्ट वर सरकला आणि सुचेताला लेकीच्या कमरेवरचा डाग दिसला. तळहाताएवढा होता. मधे जांभळा, कडेने पिवळट.

"हे कशाने गं?"

"काही नाही. स्नोबोर्डवरून पडले."

सुचेताला पुण्याहून परदेशी, लेकीच्या झूटरमेरच्या घरी येऊन आठवडाच झाला होता. विमानतळावरून येताना तिला पुलापेक्षा उंच असं काही दिसलं नव्हतं. "इथे डोंगर कुठे आहे?" तिने विचारलं.

"डोंगर नाही, हॉल आहे. आत उतार केलाय, त्यावर वर्षभर बर्फ असतो. सायकलवरून जाता येतं." आसावरीने टी-शर्ट खाली ओढला. "आणि मी तुझ्यावरच गेलेय. तूही सारखी धडपडायचीस. बाबा अजून चिडवतात."

सुचेता कांदा चिरत राहिली.

त्या दिवसापासून ती बघू लागली. मनगटावर एक डाग होता. गुडघ्यावर दोन. आसावरी खुर्चीत बसताना आधी हाताचा आधार घ्यायची. जावई सारंग मात्र धडधाकट होता. तोही त्याच हॉलमध्ये जायचा, त्याच बर्फावर, पण त्याच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता.

"मीच शिकवतोय तिला," तो जेवताना म्हणाला. "पडल्याशिवाय येत नाही, आई."

तो हे हसत म्हणाला. आसावरीही हसली. सुचेताने दोघांचे चेहरे आळीपाळीने पाहिले. सारंग बायकोला पाणी वाढून द्यायचा, भांडी घासायचा, सासूची गोळी आठवणीने पुढे ठेवायचा. सगळ्यांसमोर चांगलं वागणं अवघड नसतं, हे तिला ठाऊक होतं. रात्री वरच्या खोलीचं दार लागलं की ती जिन्याखाली उभी राहून कानोसा घ्यायची. काही ऐकू यायचं नाही. त्यानेही तिचं समाधान व्हायचं नाही.

शनिवारी दोघं हॉलवर निघाली, तेव्हा सुचेता म्हणाली, "मीही येते." पण तिला खोकला होता. "आत उणे तापमान असतं, आई. तुम्ही नकोच," असं म्हणत सारंगने दार ओढून घेतलं. संध्याकाळी आसावरी लंगडत परत आली.

रविवारी मात्र सारंग सुचेतालाही बरोबर घेऊन गेला. आसावरी इतके दिवस भाड्याचा बोर्ड वापरत होती. आज तिचा स्वतःचा घ्यायचा होता. दुकानात एका भिंतीला रंगीबेरंगी बोर्ड ओळीने उभे होते. विकणारी मुलगी उंच आणि बोलकी होती. बोर्ड उभा धरला की हनुवटीपर्यंत यावा, ती इंग्रजीत सांगत होती. वजनही महत्त्वाचं. शिकणाऱ्याने जरा लवचीक बोर्ड घ्यावा. कडक असला की चूक माफ करत नाही. आसावरीने एक हिरवा बोर्ड निवडला आणि त्यावरचं चित्र वाकून पाहू लागली.

विकणाऱ्या मुलीने सारंगला हळूच काही विचारलं. त्याने होकारार्थी मान हलवली. आसावरी सरळ होईपर्यंत तो पावलं न वाजवता तिच्या मागे जाऊन उभा राहिला. सुचेता आपल्याकडे बघतेय हे त्याच्या लक्षात आलं. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि हसला.

मग त्याने दोन्ही हातांनी आसावरीला पाठीत ढकललं.

आसावरी पुढे झोकांडली. तिने कसंबसं स्वतःला सावरलं. तोवर सुचेता दोघांच्या मधे येऊन उभी राहिली होती. आजवर ती जावयाला अहो-जाहो करत होती.

"हात लावायचा नाही तिला," ती म्हणाली. "परत ढकललंस तर बघ."

"अहो आई, ते गंमत म्हणून..."

"पहिल्यांदा गंमतच असते."

दुकानात दोघंतिघं वळून बघू लागली. सारंगचे हात अजून हवेतच होते. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"आई, अगं, ही तपासणी असते," आसावरी म्हणाली. तिने आईचा दंड धरला. "बोर्डवर कुठला पाय पुढे ठेवायचा, ते बघायची. विचारलं तर माणूस चुकीचं सांगतो. बेसावध असताना ढकललं की जो पाय आपोआप पुढे पडतो, तो पुढचा. माझा आत्ता उजवा पडला. आणि मी इतके दिवस डावा पुढे ठेवत होते. म्हणून तर पडत होते."

विकणारी मुलगी अवघडून बघत उभी होती. सुचेताने सारंगकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग शोधला. तिथे नुसती ओशाळलेली भीती होती.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"नाही, मीच..." सुचेता म्हणाली. "मनावर घेऊ नका."

सारंग हिरवा बोर्ड घेऊन विकणाऱ्या मुलीबरोबर आत गेला. उजवा पाय पुढे येईल अशा बेताने त्यावर बूट अडकवायचे पट्टे बसवून घ्यायचे होते. बूट घालून बघायच्या बाकावर दोघी मायलेकी बसल्या. सुचेताने पदराने चेहरा पुसला.

"आई, तुला कुणी ढकललं होतं?"

"उगाच काहीतरी विचारू नकोस."

"आई."

सुचेताने आतल्या दाराकडे पाहिलं. तिथून सारंगचा आवाज येत होता.

"तुझे बाबाही असेच हसत होते," ती म्हणाली. "तू पोटात होतीस तेव्हा."