डाव्या अंगाची झडप

“याला विमान म्हणायचं?” लिंडसे ट्रेम्बाथनं टेबलावरचं मॉडेल दोन बोटांनी उचललं, मेलेला उंदीर उचलावा तसं. “चाकं उलटी. रंग शेवाळ्याचा. कुणाचं हे पाप?”

“माझं,” नोएलीन कुकेल म्हणाली. वोकारूना गावच्या माजी सैनिकांच्या क्लबची ती सेक्रेटरी होती.

“वाटलंच मला,” लिंडसे म्हणाला. त्यानं ते लांब ठेवलं आणि रुमालानं बोटं पुसली.

मग त्यानं आपल्या खोक्याचं झाकण काढलं. आत लँकेस्टर होतं. महायुद्धातलं चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान, हातभर लांब, एकेक रिव्हेट हातानं उठवलेलं. दुकानातल्या तयार संचाचं नाव काढलं तरी लिंडसे तोंड फिरवायचा. हे त्यानं एका फोटोवरून केलं होतं.

फोटोत त्याचे आजोबा हॉरी पांढरा कोट आणि तिरपी टोपी घालून विमानाच्या नाकाशी उभे होते. विमानाचं तेवढं नाकच फोटोत आलं होतं. बाकीचं लिंडसेनं पुस्तकांतून, संग्रहालयांतून आणि लोकांशी भांडून मिळवलं होतं.

“हवाई दलात पांढरा कोट कुठला रे?” नोएलीननं विचारलं.

“उन्हाळी गणवेश. वाचत जा जरा.”

क्लबच्या हॉलच्या भिंतीवर काळ्या लाकडाचा सन्मानफलक होता. गावातून लढायला गेलेल्यांची नावं त्यावर सोनेरी अक्षरांत होती. हॉरीचं नव्हतं. त्यांच्या दफनाला क्लबनं साधा झेंडासुद्धा पाठवला नव्हता, आणि तेव्हापासून लिंडसेला या हॉलचा, इथल्या चहाचा आणि चहा पिणाऱ्यांचा वीट आला होता. तरी तो येत राहिला. आजोबांचं नाव त्या फलकावर चढलेलं पाहिल्याशिवाय त्याला मरायचं नव्हतं.

सैनिकांच्या सरकारी यादीतही हॉरी नव्हते. “यादी करणारे कारकून!” एवढंच लिंडसेचं त्यावर म्हणणं होतं. शेवटी कमिटी कंटाळली. हॉरीला त्या विमानावर डोळ्यांनी पाहिलेलं एक जिवंत माणूस आण, म्हणाली, लगेच नाव लिहू. आज ते माणूस येणार होतं. मॉर्ट रंगारी शिडीवर चढून सोनेरी रंग ढवळत बसला होता.

“नाकावर हे काय काढलंयस?” त्यानं वरून विचारलं. “आइस्क्रीमचा कोन?”

लिंडसेनं दीर्घ श्वास घेतला. “एक मोहीम झाली की नाकावर एक बॉम्ब रंगवायचे. मोहीम इटलीवरची असली तर बॉम्बऐवजी कोन. लहान पोरालाही माहीत असतं, मॉर्ट.”

“पण बॉम्ब एवढेएवढे, आणि कोन केवढा!”

“मोहीम मोठी असेल.”

“आणि ही डाव्या अंगाची झडप?” नोएलीन वाकून बघत म्हणाली. “माझ्या संचातल्या नकाशात नाही ही.”

“कुणाच्याच नकाशात नाही. इंग्लंडातल्या पंडितांना विचारलं. म्हणे लँकेस्टरला अशी झडप नसते. गाढवं! फोटोत ढळढळीत दिसतेय. खाली फळीसुद्धा आहे. आपल्या पोरांनी तळावर स्वतः केलेली सुधारणा आहे ती. जगात असं विमान एकच.”

“फळी कशाला पण?”

“नकाशे पसरायला. तुला काय वाटलं, कपबशा मांडायला?”

लिंडसेचा आवाज खाली आला.

“आजोबांनी युद्धाबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. मी लहानपणी आइस्क्रीम मागितलं की उठून परसात जायचे. वासानंच पोटात ढवळतं म्हणायचे. त्या कोनाखाली किती माणसं गेली असतील, देव जाणे. जन्मभर ते त्यांच्या डोळ्यांपुढून हललं नाही. आणि तुम्ही त्यांना साधं नाव देत नाही.”

मॉर्टनं तोंडाशी नेलेला खोबऱ्याचा केक परत शिडीवरच्या बशीत ठेवला.

तेवढ्यात डल्सी फित्झनरची चाकाची खुर्ची आत आली. शंभरीला टेकलेली ही बाई वृद्धाश्रमातून खास या कामासाठी आणली होती. लिंडसेनं मॉडेल अलगद तिच्या मांडीवर ठेवलं.

डल्सीनं चष्मा कपाळावर चढवला. बॉम्बांवरून बोट फिरवत ती कोनापाशी थांबली.

“अगं बाई,” ती म्हणाली. “हॉरीचं विमान!”

लिंडसेनं शिडीवरच्या मॉर्टला ब्रश तयार ठेवायची खूण केली.

“मिसेस फित्झनर,” नोएलीननं कमिटीच्या आवाजात विचारलं, “हॉरी ट्रेम्बाथना तुम्ही स्वतः या विमानात पाहिलंय?”

“पाहिलंय म्हणजे? मीही आतच असायची की. दोघांना उभं राहायला जागा नव्हती, आणि उकाडा असा की बोलायची सोय नाही. शेवटी शेवटी तर हॉरीला नुसता वास आला तरी भडभडून यायचं. पण जागचा हलला नाही गडी.”

“बायकासुद्धा होत्या विमानांत?” मॉर्ट पुटपुटला.

“यादी करणारे कारकून,” लिंडसे म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

नोएलीननं वर बघून मान हलवली. मॉर्टनं ब्रश बुडवला आणि फलकावर पहिलं अक्षर काढलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. डल्सीनं लिंडसेला हातानं जवळ बोलावलं.

“हुबेहूब केलंस रे बाळा. एवढी झडप तेवढी उघडी ठेव,” ती म्हणाली. “जत्रेतली पोरं फळीवर पैसे ठेवून ताटकळायची, आणि झडप बंद असली तर आम्ही आइस्क्रीम द्यायचं कुठून?”