आभाराचा हात

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या एका गावातल्या अरुंद रस्त्यावर एका वेळी एकच गाडी मावते. समोरून कोणी आलं की एकाने मागे सरून कडेच्या कोनाड्यात शिरायचं, आणि दुसऱ्याने जाताना हात उचलून आभार मानायचे. जो हात करत नाही, त्याची संध्याकाळपर्यंत गावभर बदनामी होते.

मॉरवेनाने जुनी निळी गाडी घेतली, त्या आठवड्यापासून लोक दोनदा हात करू लागले. एकदा तिच्याकडे बघून, मग पुढे सरकताना मागच्या खिडकीकडे बघून. गाडीत तर ती एकटीच असायची.

"अगं, तुझ्या खटाऱ्याची दया येते लोकांना," नवरा जोरी हसला. "वार्षिक तपासणीत पास झाली ना? मग झालं तर!"

पण तिचं चित्त थाऱ्यावर राहीना. पोस्टमन, दुधाचा टँकर, शाळेची बस, सगळे दोनदा. शेवटी तिने ठरवलं, आज आपण हात उचलायचाच नाही, बघू लोक काय करतात ते.

सकाळीच म्हातारा ट्रेगिअर ट्रॅक्टर घेऊन समोर आला आणि कुरकुरत मागे सरून कोनाड्यात शिरला. मॉरवेना दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून त्याच्या शेजारून निघाली. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग अचानक त्याचा चेहरा खुलला आणि त्याने अदबीने टोपी उचलली.

"तुझा हात काय मोडलाय गं?" तो तिच्यावर खेकसला. "त्या बाईंकडून शीक जरा. या वयात तुझ्या खांद्यावर हनुवटी टेकून हात हलवतायत!"