खुली यादी

पुंजाजींनी पुढे केलेला पेढ्यांचा डबा बापूसाहेबांनी दोन बोटांनी मागे सरकवला.

"गोड बंद केलं का साहेब?" पुंजाजींनी विचारलं.

"पेढे कसले?"

"नीलमचे. नातीचा मेडिकलले नंबर लागला. इथंच, अमरावतीत."

"तिचा अमरावतीत, आणि आमच्या अद्वैतचा नंदुरबारला. मी का खात नाही ते समजलं ना, पुंजाजी?"

पुंजाजींना समजलं. त्यांनी डबा उचलला, चपला घातल्या आणि ते निघून गेले.

पुंजाजी जिल्हा न्यायालयातून बेलीफ म्हणून निवृत्त झाले होते. बापूसाहेबांनी त्याच न्यायालयात चाळीस वर्षं वकिली केली, राजापेठेत दुमजली घर बांधलं आणि चालती वकिली मुलाच्या हाती दिली. गेली सात वर्षं दोघं रोज सकाळी सोबत फिरायला जात. दुसऱ्या दिवशी बापूसाहेब गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

घरात नातवाच्या, अद्वैतच्या बॅगा भरणं चालू होतं. प्रत्येक बॅगेबरोबर बापूसाहेबांचा पारा चढत होता.

"दोन वर्षं पोरानं टीव्ही पाहिला नाही," ते अद्वैतच्या मोठ्या बहिणीला, जुईलीला म्हणाले. "त्यानं घरदार सोडायचं, आणि कमी मार्कवाल्यांनी घरचं जेवून कॉलेजला जायचं."

"तिला किती मार्क आहेत, माहीत आहे का तुम्हाला?"

"कोटा म्हटल्यावर मार्क विचारतं कोण?"

त्याच दुपारी त्यांनी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं: 'आपल्यातल्याच एका घरी दानात मिळालेल्या जागेचे पेढे वाटले गेले. घाम गाळणाऱ्यांनी मात्र नंदुरबारला जावं. याला न्याय म्हणतात.'

खाली पटापट अंगठे उमटले. विरोधात कोणी एक अक्षर लिहिलं नाही. संध्याकाळी पुंजाजी ग्रुपमधून बाहेर पडले.

सकाळी फाटक वाजलं. नीलम आली होती. तिच्या मागून पुंजाजी धापा टाकत आले.

"आजोबा, तुमचा मेसेज माह्या नावासकट आमच्या कॉलेजच्या नव्या मुलींच्या ग्रुपवर फिरून राहिला," ती उभ्यानंच म्हणाली. "कॉलेज सुरू व्हायचं हाये अजून, आन् दानवाली म्हणून नाव पडलं माह्यं."

"नीलम, चाल घरी," पुंजाजी म्हणाले. "मोठे हायेत ते."

"मोठे हायेत म्हणूनच इचारून राहिली. दोन वर्षं मी पातूरले मावशीपाशी राहिली. रोज एसटीनं अकोल्याले क्लासले गेली. जागा नाही भेटली तं दांडीले धरून उभ्यानं वाचलं. यातलं दान कोणतं, ते सांगा मले."

तिचा आवाज चढला नव्हता.

"बेटा, तुझ्यावर राग नाही माझा," बापूसाहेब म्हणाले. "माझा राग व्यवस्थेवर आहे. सगळ्यांना एकच फूटपट्टी लावली पाहिजे. चाळीस वर्षं कोर्टात मी हेच मांडत आलो."

"मंग लावा ना फूटपट्टी. यादी पाहा."

जुईलीनं फोनवर यादी उघडली. बराच वेळ ती नावं सरकवत राहिली. मग थांबली.

"आजोबा, नीलमचं नाव खुल्या यादीत आहे."

"खुल्या?"

"हो. अद्वैतपेक्षा सदतीस मार्क जास्त. राखीव जागेला तिनं हातही लावलेला नाही."

बापूसाहेबांनी फोन हातात घेतला. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"बसा पुंजाजी," ते म्हणाले. "जुईली, चहा ठेव."

"चहा नको," नीलम म्हणाली. "जिथं लिहिलं, तिथंच लिहा."

अंगणातल्या खुर्चीत बसून त्यांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं: 'मी चुकीचं लिहिलं. नीलमला तिच्या मार्कांवर खुल्या यादीतून प्रवेश मिळाला आहे. तिची आणि पुंजाजींची माफी मागतो.' त्यांनी फोन नीलमकडे दिला. तिनं ते दोनदा वाचलं आणि स्वतःच पाठवलं.

या वेळी एकही अंगठा उमटला नाही.

जाताना पुंजाजी फाटकापाशी थांबले. "साहेब, उद्यापासून माह्यी वाट पाहू नका. मी एकटाच फिरीन."

दोघं कोपऱ्यावरून वळेपर्यंत बापूसाहेब फाटकात उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता. जुईलीला आजोबांची कीव आली. भर कोर्टात न्यायाधीशांसमोरही न झुकलेला माणूस आज एका पोरीसमोर झुकला होता.

"तुम्ही माफी मागितली ते बरं केलं, आजोबा," ती हळूच म्हणाली.

"ते सोड. ती आपल्या मार्कांवर गेली, तिच्याबद्दल तक्रार नाही." ते खुर्चीत बसले आणि त्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "पण अद्वैतसाठी मी स्वतः खेटे घालून आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढून आणला, त्या कोट्यातली आपली जागा कोणी खाल्ली?"