आमच्या घराण्याचं गाणं

सिनेमातल्या पणजोबांनी बोटीतून उतरताना ट्रंक समुद्रात पडू दिली, पण व्हायोलिन डोक्यावर धरलं, तेव्हा केतकीने रिमोटने चित्र थांबवलं आणि लेकीकडे पाहिलं. "बघितलंस ना रेवा? परमुलखात आले, पण वाजवणं काही सोडलं नाही."

हा कार्टून सिनेमा तिने मुद्दामच शोधून लावला होता. गाण्याच्या ऑनलाइन क्लासची वेळ झाली की रेवाच्या पोटात हटकून दुखायचं, आणि मेलबर्नच्या हवेत आपले सगळे संस्कार विरघळून जाणार या धास्तीने केतकीच्या जिवाला घोर लागलेला. सिनेमातलं कुटुंब मात्र पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहूनही सुरात होतं.

रेवाला ते मनापासून आवडलं. "आई, आपल्याकडे कोण कोण गायचं?"

"ही तुझी आजी काय साधी आहे? तिला रेडिओवर गायला बोलावलं होतं."

"मग लग्न ठरलं," लसूण सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या आजोबांच्या घरी सुनेने गायलेलं चालत नसे. सोडलं."

"आणि आई, तू?"

"मी परीक्षासुद्धा दिल्या होत्या," केतकी जरा अवघडली. "मग दहावीचं वर्ष आलं. दहावीला सगळेच सोडतात गं."

रेवा मांडी घालून ताठ बसली. आपल्या घराण्याची रीत तिला आता नीट कळली होती.

"मी पण शिकते," ती शहाण्यासारखी म्हणाली. "फक्त मी कधी सोडायचं, ते आधी सांगून ठेवा."