हाताखालच्या दोन कंबरा

"अजून घट्टच!" हाज्जा नफीसा म्हणाली. डावा हात सिम्सिमा म्हशीच्या शेपटीच्या मुळाशी, उजवा सुनेच्या, इन्साफच्या कंबरेवर. "दोघींचीही हाडं सुटायचीत."

रोजचंच होतं हे. सूर्य नाईलपलीकडे कलला की म्हैस आणि सून, दोघींनी गोठ्यात हाज्जासमोर पाठ करून उभं राहायचं. दोघींचे दिवस भरत आलेले. मोकळं व्हायच्या आधी कंबरेचे सांधे सैल होतात, म्हशीच्या शेपटीशेजारी तर खळगेच पडतात. म्हशीची काळजी नव्हती. इन्साफची कंबर मात्र अगदीच अरुंद. "बाळाचं डोकं अडलं नाही म्हणजे मिळवली," असं सुईण नजात बोलून गेली होती, आणि तेव्हापासून घरात कुणाला धड घास जात नव्हता.

तपासून झालं की हाज्जा डोळे मिटायची आणि बाहेर ओट्यावर कान देऊन बसलेल्या नवऱ्याला ऐकू जाईल अशी मागणी करायची, "या रब, उजवीला मुलगा दे, डावीला पारडी दे. दोघींना सुखरूप सोडव!" ओट्यावरून हाज्ज मितवल्लीचं खणखणीत "आमीन!" यायचं. म्हाताऱ्याला नातूच हवा होता.

इन्साफला मुलगी हवी होती. पण बोलायचं कुणाजवळ? एका संध्याकाळी गोठ्यातल्या अंधुक उजेडात ती गुपचूप म्हशीच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली.

हाज्जाचे हात पडले. क्षणभर थबकले. "अगं बाई, सुटली की! दोघींची सुटली!" तिने डोळे मिटले, रोजचेच शब्द मोठ्याने म्हटले आणि नवऱ्याला गाढवावर बसवून नजातकडे पिटाळलं.

उजाडलं तेव्हा गोठ्यात नुकता जन्मलेला टोणगा उभा होता आणि घरात मुलगी रडत होती. डोकं कुठे म्हणता कुठे अडलं नव्हतं. शेजारच्या बायका जिभा लवलवत आनंदाच्या किलकाऱ्या देत होत्या.

"देवाने गल्लत केली वाटतं!" म्हातारा दारातून म्हणाला, पण नातीवरून त्याची नजर हटेना.

तो गेल्यावर इन्साफ हळूच म्हणाली, "आई, रागावू नका. काल मी मुद्दाम जागा बदलली."

नुसते मुलगेच वाढवलेल्या हाज्जाने नातीला छातीशी धरलं.

"वेडी कुठली! म्हशीची कंबर कुठली नि सुनेची कुठली, हे माझ्या हातांना कळत नाही होय? कळलं, म्हणून तर शब्द बदलले नाहीत."