नवा ड्रमर

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये रॉक बँडसाठी नवा ड्रमर निवडायचं चाललं होतं. सगळ्यांत शेवटी आला तो डूगल, या बँडचा पहिलाच ड्रमर. बँडमध्ये बास गिटार वाजवणाऱ्या मोरागने त्याला पाहताक्षणी ओळखलं. मूळ चौघांपैकी आता ती एकटीच उरली होती. एक लग्नापायी गेला, एक देवाच्या नादी लागून, आणि डूगल ऐन दौऱ्यात तिला तोंडघशी पाडून, फेरीबोटीवरच्या पक्क्या नोकरीपायी. परत आला तर दारात उभा करायचा नाही, असं तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

डूगलनेही ओळख दाखवली नाही. इतर उमेदवारांसारखा तो मुकाट ड्रमसमोर बसला आणि बँडचं पहिलंवहिलं गाणं वाजवू लागला. दुसऱ्या कडव्याला त्याची लय नेहमीसारखी पळाली. मोरागची बोटं बास गिटारवर आपसूक त्या लयीबरोबर पळाली. तरुण गिटारवाला ईअन मात्र मागेच राहिला.

"वाजवतात बरं," ईअन तिच्या कानाशी लागला, "पण आधी आपली पहिली रेकॉर्ड ऐकून यायला सांग त्यांना."

"पहिल्या रेकॉर्डवर तोच आहे. तू ऐकलीयस का ती?"

"मी नंतरची ऐकलीय," ईअन वरमून म्हणाला. "तरी पण मधेच सुटतात गं ते. सगळ्यांना मागे टाकून."

"सगळ्यांना कुठे? मी होते की."

डूगल ड्रमच्या काठ्या पिशवीत भरत होता. "ठरलं की कळवा," एवढंच म्हणाला.

"काठ्या राहू दे बाहेर," मोराग म्हणाली. "दुसरं कडवं परत घेऊ. आणि या वेळी ईअनलाही घेऊन पळ."