अडीचशेवं नाव

नव्या रस्त्यावर रिबीन बांधून झाली, नारळही आला. पण गणूदादा सरपंच कात्री काही हातात घेईनात.

“धोंडीला येऊ दे,” ते म्हणाले. “पाच वरसं तीपण सरपंच व्हती.”

रंजिता थांबली. ग्रामसेविका म्हणून हेदपाड्यावर येऊन तिला दीड वर्ष झालं होतं. पण गणूदादांची चोवीस वर्षं तिने जुन्या दप्तरातून वाचून काढली होती. चार वेळा ते स्वतः सरपंच, मधे बाईची जागा निघाली तेव्हा त्यांची बायको. दर वेळी बिनविरोध. आणि दर सभेत एकच ठराव: डोळखांबच्या सडकेपासून पाड्यापर्यंत रस्ता व्हावा.

तालुक्याहून उत्तरही दर वेळी एकच यायचं. अडीचशे माणसं दाखवा, रस्ता घ्या.

पाडा दोनशे तीस-चाळीसच्या पुढे सरकत नव्हता. कुणाकडे पोर जन्मलं की गणूदादा घरोघर साखर वाटायचे. म्हातारं माणूस गेलं की तिरडीपाठी सगळ्यांत शेवटी, मान खाली घालून चालायचे. लोक हसायचे. सरपंच मढं बघत नाय, आकडा बघतो, म्हणायचे.

गेल्या वर्षीच्या पाहणीत मात्र आकडा भरला. दारोदार रंजिताच फिरली होती. दोनशे एकोणपन्नास झाले आणि शेवटचं घर उरलं सरपंचांचं.

“गणू, धोंडीबाई,” त्यांनीच सांगितलं होतं. “ही दोन तू मगाशीच धरलीस. आता सारिका लिव. लेक आमची. वय बत्तीस.”

“कुठे असते?”

“खाली गेली.”

पाड्यावरची निम्मी तरणी माणसं खाली असायची. कोण भिवंडीच्या गोदामात, कोण वीटभट्टीवर. कामाला गेलेलं माणूस मोजायचं, असा नियमच होता. रंजिताने नाव लिहिलं. अंगणात उभा असलेला जीपवाला रघू उगीचच शेळीची मान खाजवत राहिला. धोंडीबाई आत निघून गेल्या.

बापलेकीचं बिनसलं असेल, रंजिताला तेव्हा वाटलं होतं. नंतर तर रागच आला. बाप रस्त्यासाठी झिजून गेला, आणि ही बया एकदा तोंड दाखवत नाही.

धोंडीबाई आल्या. नवं लुगडं, हातात फडक्याची पुरचुंडी. येता येता गुणगुणत होत्या, जात्यावर म्हणतात तशी.

काळी गं कुळकुळीत, वाट आली दारावरी
खडा टोचेना लेकीला, आता येऊ दे ती घरी

रंजिताचा राग जरा निवला. “सारिकाताई येणार ना आज?”

धोंडीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

“आज तिचंच काम हाय,” गणूदादा म्हणाले.

रिबीन धोंडीबाईंनी कापली. टाळ्या झाल्या. रघू जीप पुसत ओरडला, “दादा, चोवीस वरसं खुर्ची उबवलीत. आज पिल्लू निघालं.”

“निघालं तर निघालं. पण तू त्याच्यावरनं सांभाळून हाक रं.”

पहिली फेरी सरपंचांची. गणूदादा पुढे बसले, धोंडीबाई आणि रंजिता मागे. निघताना ते म्हणाले, “बाय, मृत्यूनोंदीचं रजिस्टर घेतलंस ना? सकाळी सांगितलंवतं.”

घेतलं होतं. कोण गेलं, ते तिला कळलं नव्हतं. विचारायला तिला सवड झाली नव्हती.

जीप डांबरावरून पाण्यासारखी उतरू लागली. गणूदादांचे डोळे मनगटावरच्या घड्याळात. धोंडीबाईंनी पुरचुंडी सोडली. आत हिरव्या बांगड्या होत्या, अगदी बारक्या मापाच्या. नातीसाठी असतील, रंजिताच्या मनात आलं. म्हणजे लग्नही झालंय, आणि तेही कुणी बोललं नाही.

तिसऱ्या वळणावर जुना उंबर. रस्ता आखणाऱ्या साहेबांनी तो तोडायला काढला तेव्हा गणूदादा खोडाला पाठ लावून बसले होते, म्हणून रस्ता तिथे हातभर वळला होता.

“थांब रं रघू.”

जीप थांबली. गणूदादांनी घड्याळ पाहिलं.

“चार मिन्टं,” ते म्हणाले. “डोली खांद्यावर घेऊन हितवर यायला सवा तास लागलावता.”

रघूने इंजिन बंद केलं आणि तो बाहेर जंगलाकडे बघू लागला. धोंडीबाई उतरल्या. उंबराच्या मुळाशी त्यांनी बांगड्या एकेक करून मांडल्या.

“रजिस्टर काढ, बाय.”

रंजिताने बॉनेटवर रजिस्टर उघडलं. “नाव?”

“सारिका.”

तिचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

“दोन हजार एक साल,” गणूदादा सावकाश सांगू लागले. “भाताची कापणी चालू व्हती. फुरसं चावलं. वय नऊ.”

“दादा... मग पाहणीत आपण...”

“दोनशे एकोणपन्नास व्हतो.” त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून रजिस्टरवर ठेवला. “ह्यो माझा राजीनामा. काय चौकशी व्हायची ती माझी होऊ दे. डांबर आता कोण उचलून नेत नाय.”

रंजिताने डोळे पुसले आणि पुढच्या रकान्यावर पेन ठेवलं. मृत्यूचं ठिकाण. तिने उंबराकडे पाहिलं, बांगड्यांकडे पाहिलं, आणि लिहायला लागली.

गणूदादांनी वाकून वाचलं आणि हळूच तिचा हात धरला.

“रस्त्यात असं नको लिवू, बाय. तवा रस्ता नव्हता.”